सैल सोडायला शिकवताना

“हिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, आणि ही आपल्याला काय शिकवणार?”

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी सतरंज्या अंथरत होते. कापडी पडदाच तो, त्यातून खोकलासुद्धा आरपार जातो, पण बोलणारीला आपण भिंतीआड आहोत असं वाटत असावं. दुसऱ्या कुणीतरी फिसकन हसलं. मग गंगामावशींचा आवाज आला. गंगामावशी खारदांड्याच्या, मासळी विकणाऱ्या. हळू बोलणं त्यांना जमतच नाही.

“लग्न नाय झालं तर नाय झालं गो. शिंक आली की माझं लुगडं भिजतं. तेवढं हिनं थांबवलं ना, तर हिच्या लग्नात पापलेटं माझ्याकडून.”

मी सतरंजीची सुरकुती काढत राहिले. सुरकुती केव्हाच निघाली होती.

अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी एक प्रसूतिगृह आहे. त्याचं नाव मी इथे देत नाही, आणि पुढे येणाऱ्या बायकांची नावंही बदलली आहेत. कॉलेज संपल्यापासून मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. मला नोकरी लागली तेव्हा माझ्या काकांनी विचारलं होतं, बाळंतपणात असं काय मोडतं की तुझी गरज पडावी? लोकांना वाटतं आमचं काम प्लॅस्टर निघालेल्या हातापायांपुरतं असतं. माझं काम बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे व्यायाम घेण्याचं. पहिल्या मजल्यावरच्या लांबट खोलीत आठ-दहा बायका सतरंज्यांवर झोपतात, आणि मी त्यांच्या पायांशी उभी राहून सूचना देते.

कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढून मागे, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. लघवी अडवून धरताना आपण जे आवळतो, तीच ही झोळी. बाळंतपणात ती ताणली जाते, मग शिंकताना, हसताना कपडे ओले होतात. तिला पुन्हा घट्ट करण्याचा व्यायाम सोपा आहे. आवळा, धरून ठेवा, सोडा. कॉलेजात आम्हांला आवळायचं कसं, किती वेळ, कधी, हे बारकाईने शिकवलं होतं. ‘सोडा’ हा नुसता शेवटचा शब्द होता.

मी लाजाळू आहे. शाळा पार्ल्यातली, इंग्रजी माध्यमाची. शरीराच्या प्रत्येक भागाचं इंग्रजी नाव मी शिकले, पुढे लॅटिनसुद्धा. घरात मात्र मराठी, आणि आमच्या घरच्या मराठीत कमरेच्या खाली एकदम गुडघाच यायचा. त्यामुळे माझ्या वयापेक्षा दहा-दहा वर्षांनी मोठ्या बायकांना हे सगळं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगणं मला जमेना. मी पायांशी उभी राहायचे आणि पायांकडेच बघायचे. पुढे कळलं, की चेहऱ्यापेक्षा पाय जास्त खरं सांगतात.

‘सोडा’ म्हटलं की बहुतेकींची पावलं दोन बाजूंना कलतात. काहींची कलत नाहीत. त्यांच्या पायांची बोटं तळव्याकडे वळलेलीच राहतात, जणू जमीन धरून ठेवायची आहे. त्यांना वाटतं आपण सोडलंय. त्यांनी सोडलेलं नसतं. अशा बायकांना काहीतरी दुखत असतं, हे मला हळूहळू कळत गेलं. काय दुखतं ते मात्र त्या सांगत नसत. विचारलं की म्हणायच्या, कंबर.

एक शिक्षिका यायच्या. त्यांना नवरा स्कूटरवरून सोडायचा. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं होतं, तरी त्या कमरेसाठी येत राहिल्या. मी कमरेचे व्यायाम दिले. फरक पडेना, कारण कंबर चांगली होती. एक दिवस त्या वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “टाके पडले होते ना, तिथे अजून दुखतं. म्हणजे, एरवी नाही.”

हे ‘एरवी नाही’ मी नंतर पुष्कळ बायकांच्या तोंडून ऐकलं. त्याचा अर्थ एवढाच, की नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं. त्या बाईंनी आई झाल्यावर हे असंच असणार असं धरून टाकलं होतं, आणि रोज रात्री उत्तरपत्रिका तपासायला काढत होत्या, परीक्षा नसल्या तरी. आमच्या डॉक्टरांनी तपासलं. टाक्यांची जागा जाड आणि कडक झाली होती. शिवाय बाळ अंगावर पीत असेपर्यंत आतला ओलावा कमी होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या जागेला तेल लावून बोटाने मालीश, ओलाव्यासाठी डॉक्टरांनी दिलेली जेली, आणि घाई न करण्याची नवऱ्याला समज. पुढे एकदा तास चालू असताना त्या छताकडे बघत म्हणाल्या, “माझी कंबर बरी आहे आता.” शेजारच्या बाईने सहज विचारलं, कोणतं औषध लावलंत? त्या इतक्या हसल्या की व्यायाम थांबवावा लागला.

गंगामावशींची तऱ्हाच वेगळी. त्यांच्याकडे ‘एरवी’ वगैरे नव्हतं. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, की पाळी गेल्यापासून सगळं कोरडंठाक झालंय, काचपेपर घासल्यासारखं होतं. “मी नवऱ्याला सांगितलं, तू होडी घेऊन मढ गावाला जा आणि तिथंच राहा.” डॉक्टरांनी त्यांना लावायला मलम दिलं. काही दिवसांनी मी भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, बोलावला परत. शिंकेचं कामही बरंचसं झालं होतं. पापलेटं अजून माझी येणं आहेत, कारण लग्न अजून व्हायचंय.

मी डॉक्टर नाही, म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. या दुखण्याची कारणं पुष्कळ असतात. जंतुसंसर्ग असतो, टाके असतात, कोरडेपणा असतो. काहींना खोल आत दुखतं आणि पाळीतही सहन होत नाही, तो आणखी वेगळा आजार. त्यावर माझ्या सतरंजीवर उपाय नाही, डॉक्टरांकडेच जायला हवं. पण ज्या दुखण्यावर माझ्या सतरंजीवर उपाय होता, ते मला सुगंधाने शिकवलं.

सुगंधा तासाला आली ती जावेचं बाळ सांभाळायला. कुडाळकडचं कुटुंब, जोगेश्वरीच्या चाळीत दोन खोल्या. सासरे गिरणीत होते, संपानंतर घरीच. मोठा दीर, त्याची बायको, सासू, आणि सुगंधा आणि तिचा नवरा दत्ताराम. तो मरोळच्या एका कारखान्यात फिटर होता. जाऊ व्यायाम करायची, सुगंधा बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची. बाळ झोपलं की त्याला टॉवेलवर ठेवून ती उघड्या फरशीवर आडवी व्हायची आणि आमच्याबरोबर व्यायाम करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळंतपणानंतरच्या त्या तासात मूल न झालेली ती एकटीच होती. (मी होते, पण मला कुणी धरत नव्हतं.) सगळ्यांत मन लावून तीच करायची, दात आवळून. मी ‘सोडा’ म्हणायचे आणि तिची बोटं वळलेलीच राहायची.

एक दिवस जाऊ बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेली होती. सुगंधा मला सतरंज्यांच्या घड्या घालू लागली. तिने विचारलं, दिवसातून किती वेळा केलं तर लवकर फरक पडतो? मी म्हटलं, कशाचा फरक? तिने सांगितलं, की ती खूप करते. नळावर रांगेत उभी असताना करते, भांडी घासताना करते. बाळंतपणानंतर या व्यायामाने खालचं सगळं नीट होतं असं जाऊ घरी म्हणाली होती, ते तिने ऐकलं होतं. पण तिचं उलट वाढतच चाललं होतं.

सतरंजीची घडी घालताना दोघी दोन टोकं धरतात आणि मग जवळ येतात. टोकाला टोक लागलं तेव्हा ती माझ्या कानाशी होती.

“जातच नाही, मॅडम. भिंत असल्यासारखं होतं. आणि आग होते.”

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत एकदाही झालं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, मूल राहत नाही.

तिने मग रविवारचं सांगितलं. दोन खोल्यांत सात माणसं, त्यात नव्या जोडप्याला जागा कुठून द्यायची? म्हणून सासूने लग्न झाल्यापासून एक रीत ठेवली होती. रविवारी जेवणं झाली की ती नवऱ्याला, थोरल्या मुलाला, सुनेला, सगळ्यांना घेऊन लालबागला बहिणीकडे जायची. परतायचं ते दिवेलागणीला. याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. चाळीतही सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दुपारी शेजारणी आपली तांदूळ निवडायची सुपं दारापासून लांब नेऊन बसायच्या, आणि पलीकडची आजी रेडिओ मोठा लावायची. येताना सासू धाकट्या सुनेसाठी वेणी आणायची. ती देताना तिच्या तोंडाकडे बघायची.

यात वाईट कुणीच नव्हतं. सगळी चाळ तिच्यासाठी झटत होती. सुगंधा म्हणाली, शनिवारी सकाळपासूनच ती उद्याचे तास मोजू लागते. दार बंद झालं की तिला फक्त घड्याळ दिसतं. सगळे आपल्यासाठी उन्हातून गेलेत, तर आज झालंच पाहिजे. मग दात आवळून डोळे मिटायचे. आणि होत नाही. अलीकडे दत्ताराम कारखान्यात रविवारचं काम मागून घ्यायला लागला होता.

आता तर तारीख ठरली होती. सासूने आमच्याच डॉक्टरांशी बोलून ‘पिशवी साफ’ करून घ्यायचं ठरवलं होतं. मूल होत नसलं की भूल देऊन गर्भाशय आतून खरवडून घ्यायचं, ही तेव्हा अगदी नेहमीची पहिली पायरी होती. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. त्यानंतरही दिवस गेले नाहीत, तर मे महिन्यात गावी जाऊन देवीला कौल लावायचा, मुलाचं दुसरं लग्न करावं की नाही म्हणून. हे सासूने सुगंधाच्या समोरच, भाकऱ्या थापताथापता सांगितलं होतं, रागाने नाही.

सुगंधाने मला विचारलं, भूल दिल्यावर डॉक्टर आतलं मोकळं करून टाकतील ना? तिची सगळी आशा त्यावर होती. मला माहीत होतं, की भूल दिली की ते स्नायू आपोआप सैल पडतात, डॉक्टरांना काहीही वेगळं दिसणार नाही. जाग आली की भिंत पुन्हा जागच्या जागी. आणि मग घरचे म्हणणार, ऑपरेशन करूनही काही झालं नाही.

मी तिला म्हटलं, आजपासून आवळायचा व्यायाम एकदाही करायचा नाही. ती घाबरली. “मग काय करू?” मी म्हटलं, सोडायचं. तिने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “ते कसं करतात?”

तेवढ्यात जाऊ बाळाला घेऊन बाहेर आली. सुगंधा सतरंजी रचताना घाईघाईने म्हणाली, कुणाला सांगू नका, चाळीत ह्यांची मान खाली जाईल.

स्वतःच्या दुखण्यापेक्षा तिला नवऱ्याच्या मानेची काळजी होती. मी सांगणार नाही असं कबूल केलं, आणि घरी जाताना कळलं की हे निभावणं कठीण आहे. सांगितलं तर तिचा विश्वास गेला. नाही सांगितलं तर ऑपरेशन, आणि मग कौल.

आमच्या डॉक्टर बाई म्हणजे झपाट्याचं माणूस. अर्ध्या अंधेरीची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या चहासुद्धा उभ्यानेच पितात. दुसऱ्या दिवशी त्यांचा चहा चालू असताना मी दारात उभी राहिले. म्हटलं, मॅडम, मूल होत नाही म्हणून बायका येतात, तेव्हा आपण त्यांना विचारतो का, की संबंध नीट होतो का, दुखतं का?

त्या म्हणाल्या, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या बायकांना हे काय विचारायचं? पाळीचं विचारतो, तारखा विचारतो. मग त्यांनी कप खाली ठेवला. “का? कोण?”

मी म्हटलं, कोण ते मला सांगता येणार नाही. पण ऑपरेशनआधी प्रत्येकीला एकटीला बसवून विचारलं तर बरं होईल. टेबलावर झोपल्यावर नाही, आणि सासू बरोबर असताना नाही. आडव्या झालेल्या बायका खरं सांगत नाहीत, एवढं मला त्यांच्या पायांवरून कळलंय.

मी त्यांच्याशी इतकी लांब वाक्यं कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, ठीक आहे, ब्लड प्रेशर बघायचं म्हणून एकेकीला आत घेऊ. सासूला बाहेर बसवायला रक्तदाबासारखं कारण नाही.

त्या आठवड्यात ऑपरेशनच्या चौघी होत्या. डॉक्टरांनी चौघींना तोच प्रश्न विचारला. सुगंधा शेवटची. आतमध्ये काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मला आत बोलावलं. सुगंधाचे डोळे रडून सुजले होते, पण खांदे खाली आले होते. डॉक्टर तिला सांगत होत्या, की तपासणी तिची इच्छा असेल तरच, एका बोटाने, आणि तिने ‘थांबा’ म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. तिने दोनदा थांबवलं. डॉक्टर दोन्ही वेळा थांबल्या. त्या झपाट्याच्या बाईला इतकं सावकाश काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आत सगळं व्यवस्थित होतं. भिंत नव्हती. स्नायूंची ती झोळीच भीतीने मुठीसारखी बंद होत होती, आणि सुगंधाला ते कळत नव्हतं. डोळ्यांपुढे काही आलं की पापणी मिटते, तसं. पापणी मिटली म्हणून कुणी कुणाला रागावत नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे नाटक नाही, आणि तुझी चूकही नाही. सुगंधाने ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. ऑपरेशन रद्द झालं. ती बाहेर गेल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, “अशा किती जणींच्या पिशव्या मी साफ केल्या असतील गं?” हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

पुढचे महिने सुगंधा तास संपल्यावर थांबायची, जावेला वाटायचं, कंबर दुखते म्हणून. आम्ही दोघी सोडणं शिकलो. मीही शिकलेच म्हणायचं. आधी नुसता श्वास, पोट फुगेल इतका खाली घ्यायचा. मग मूठ घट्ट वळून उघडायची, जबडा आवळून सोडायचा, म्हणजे आवळलेलं आणि सुटलेलं यांतला फरक अंगाला कळतो. कोमट पाण्याचा शेक. जबडा सैल असला की खालचंही सैल पडतं, हे आम्हांला दोघींना गमतीचं वाटलं. मग आरसा घेऊन स्वतःला बघणं. त्यासाठी तिला आमच्या तपासणीच्या खोलीची कडी लावून दिली, घरी आरसा भिंतीला ठोकलेला होता आणि आतल्या खोलीच्या दाराला नुसता पडदा. मग खोबरेल तेल आणि तिचं स्वतःचं एक बोट, श्वास सोडताना, दुखलं तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. बोट सहज जायला लागलं त्या दिवशी ती कडी काढून बाहेर आली आणि नुसती म्हणाली, “मॅडम, दार आहे.”

दत्तारामला डॉक्टरांनी बोलावून घेतलं. तो शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून आला, मुलाखतीला आल्यासारखा. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की ती स्वतः म्हणेपर्यंत प्रयत्न करायचा नाही. जवळ बसा, हात धरा, पाठ चोळा, एवढंच. ती म्हणेल तेव्हा, ती म्हणेल तितकंच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला वाटलं, तिला मी आवडत नाही.” शेजारी सुगंधा बसली होती. दोन वर्षं एका घरात राहून हे तिला माहीत नव्हतं. रविवारचं काम तो का मागून घेत होता, ते तेव्हा कळलं.

दिवाळी अंक हातात घेऊन वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून शेवट आधीच सांगते. पावसाळा संपता संपता तिचं सगळं सुरळीत झालं. दुखणं कमी होत होत गेलं, मग एका आठवड्यात तिच्या लक्षात आलं की गेल्या वेळी दुखलंच नाही. कौल लावायला कुणी गेलं नाही. पुढे तिला मुलगी झाली, आमच्याच प्रसूतिगृहात, आणि व्यायामाच्या तासाला ती फरशीवर नाही, सतरंजीवर झोपली. डॉक्टर बाई आता प्रत्येक बाईला खुर्चीवर बसवून, एकटीला, तो प्रश्न विचारतात. ब्लड प्रेशरचं निमित्तही लागत नाही.

पण हे सगळं मधेच अडकलं होतं, आणि ते कसं सुटलं ते सांगायचं राहिलं.

अडलं होतं रविवारी. आठवडाभर सुगंधाचं छान चालायचं. सोमवारी आली की पुन्हा पहिल्यापासून. प्रयत्न करायचा नाही हे दोघांना माहीत होतं, पण घर तर रिकामं होतच होतं. दार बंद व्हायचं, रेडिओ मोठा व्हायचा, आणि ही दोघं खाटेच्या दोन टोकांना बसून वेळ जायची वाट बघायची. संध्याकाळी वेणी यायची, आणि तिच्याबरोबर ती नजर. सासूला थांबवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मला ते पटत होतं, दुखणं त्यांचं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्हीच सासूला काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, सांगू. पण त्यांना तेवढी उसंत कुठली?

एका शनिवारी सासू स्वतःच आली. सुगंधा तिच्या मागे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. डॉक्टर एका अडलेल्या बाळंतपणात होत्या. बाकांवर बायका दाटीवाटीने बसलेल्या. त्यांत गंगामावशीही होत्या, मलम संपलं म्हणून आलेल्या. सासू भिंतीचा आधार घेत बसली, गुडघे दाबले, आणि मला समोर बघून हाक मारली.

ती भांडायला आली नव्हती. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं. डॉक्टरीण म्हणते ऑपरेशन नको. गोळी नाही, टॉनिक नाही, सुनेला नुसतं झोपवून श्वास घ्यायला लावतात. तिने न चिडता हे सांगितलं आणि मग तिचा आवाज फाटला.

“मगे आमी काय करूचां? दोन वर्सां झाली, दर आयतवारी ह्या गुडघ्यांनी मी लालबागचे जिने चढतंय. बहिणीच्या घरची पण आता कंटाळली. आणखी काय करूक व्हयां, ता तरी सांग गो बाय.”

बाकांवरच्या बायका कान देऊन ऐकू लागल्या. सुगंधाने मान खाली घातली. मला माहीत होतं, एक शब्द जास्त बोलले तर तिचं गुपित त्या बाकांवर पसरेल, आणि काहीच बोलले नाही तर उद्या पुन्हा रविवार आहे. नेहमीसारखं ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून मला आत जाता आलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. पण ही बाई खरोखरच विचारत होती. तिला तिच्या वाटणीचं काम हवं होतं, आणि तिच्या वाटणीचं काम होतंच.

मी तिच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा पुष्कळ मोठा निघाला. कोपऱ्यातल्या बाईनेसुद्धा मान वळवली.

“काकी, उद्यापासून रविवारी तुम्ही घराबाहेर पडायचं नाही. कुणीच नाही. त्या दोघांना कुठे फिरायला जायचं असेल तर ती जातील. तुम्ही जेवायचं, गुडघ्यांना तेल लावायचं, आणि पाय लांब करून दुपारभर आपल्या घरात झोपायचं.”